उपटसुंभ

मराठीत ‘उपटसुंभ’ असा एक जबरदस्त शब्द आहे. न बोलावता आलेला, आगापिछा नसलेला आणि तरीही मधोमध ऐसपैस बसलेला जो कोणी, तो उपटसुंभ. असाच न बोलावता आलेला माणूस आपल्या कामी पडला, तर त्याला आपण ‘अगदी देवासारखे धावून आलात’ म्हणतो आणि चहा पाजतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या समितीकडे या दुसऱ्या वर्गवारीची सोयच नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात समितीने फळ्यावर सूचना लावली : ‘आवारातील फुलांच्या वाफ्यात संस्थेने लावलेल्या रोपांव्यतिरिक्त उगवलेले सर्व उपटसुंभ तण काढून टाकण्यात येईल.’ आता तीच समिती आणखी पुढे गेली आहे. वाफा बुजवून त्यावर पेव्हिंग ब्लॉक बसवावेत, म्हणजे ‘तणाचा कायमचा बंदोबस्त’ होईल, असा ठराव येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेपुढे येतोय.

हा लेख म्हणजे त्या ठरावाला माझा विरोध. सभेत प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. त्यातलं एक ‘आवाज येतोय का’ यात जातं आणि उरलेली दोन पार्किंगवर घसरतात. म्हणून लिहून काढतोय.

आमची संस्था निगडी प्राधिकरणात आहे. वाफा म्हणजे काही म्हैसूरचं वृंदावन नव्हे. फाटकापासून दुचाक्यांच्या शेडपर्यंत, कुंपणाच्या भिंतीला लागून चाळीस फूट लांब आणि जेमतेम तीन फूट रुंद अशी मातीची पट्टी. समितीने गेल्या वर्षी तिच्यात नर्सरीतून आणून रीतसर क्रोटनची बारा रोपं लावली. त्यांतली पाच उरली आहेत आणि तीही बिनपगारी रजेवर असल्यासारखी उभी आहेत. उरलेल्या जागेत यंदा पहिल्या पावसानंतर आठवडाभरात जे हिरवं वर आलं, ते कुणी लावलेलं नव्हतं. समितीचा राग त्याच्यावर आहे. समितीचं वनस्पतिशास्त्र एका ओळीत सांगता येतं : ज्याची पावती आहे ते झाड, ज्याची पावती नाही ते तण.

आमचे चेअरमन एका मोठ्या वाहन कारखान्यात तीस वर्षं गुणवत्ता तपासणीत होते. हजार नटबोल्ट बघून त्यातला वाकडा एक बाजूला काढायचा, याची त्यांच्या हाताला सवय लागली आहे. कारखान्यात तो गुणच होता, माझी काही तक्रार नाही. पण वाफ्यात नकाशाबरहुकूम काहीच उगवत नसल्यामुळे ते सगळंच रिजेक्ट करतात. सेक्रेटरी चाकणला कंपनीत. सकाळी सहाच्या बसने जातात आणि रात्री आठला परततात. वाफ्याशी त्यांची गाठ फक्त अंधारात पडते, तरी सूचनेवर सही त्यांचीच आहे.

मी बँकेत कारकून. शिक्षण बी. कॉम. वनस्पतिशास्त्र आणि मी, आमची फारकत शाळेतच झाली. पण समितीतल्या झाडून साऱ्या अभियंत्यांना जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, आणि ते म्हणजे सस्पेन्स खातं. दिवसाअखेरी हिशेब जुळवताना एखादी रक्कम अशी निघते, की ती कोणाची, कुठून आली, काही पत्ता लागत नाही. नवखा कारकून घामाघूम होतो. मुरलेला कारकून ती सस्पेन्स खात्यात टाकतो, चहा पितो आणि मग शोधाला लागतो. मालक सापडला की रक्कम त्याच्या खात्यात वळती करायची. रक्कम ओळखू येत नाही, सबब ती खिडकीबाहेर फेकून द्यावी, असं आजवर एकाही ऑडिटरने सुचवलेलं नाही. एखाद्या खात्याकडे दहा वर्षं कुणी फिरकलंच नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तिथूनही, पुढे कधी वारसदार उगवला (हाही न बोलावताच उगवतो) तर त्याला पैसे परत मिळतात. दहा वर्षं! आमचे चेअरमनसाहेब दहा दिवस थांबायला तयार नाहीत.

गंमत म्हणजे मातीत पडून राहिलेल्या बियांच्या साठ्याला वनस्पतिशास्त्रातही बँकच म्हणतात. बियांची बँक. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ साली एकवीस जातींच्या बिया वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरल्या आणि त्या बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली उकरायची आणि काय उगवतं ते बघायचं. बील गेले, त्यांच्यानंतरचे गेले, प्रयोग मात्र चालूच राहिला. २०२१ साली काढलेल्या बाटलीतल्या काही बिया तब्बल १४२ वर्षांनी उगवल्या. इतक्या मुदतीची ठेव आमच्या बँकेत नाही. तेव्हा ‘कायमचा बंदोबस्त’ हे शब्द सेक्रेटरींनी जरा जपून वापरावेत. शेजारच्या संस्थेने तीन वर्षांपूर्वी ब्लॉक बसवले. त्यांच्या फटींतून काय काय डोकावतंय ते एखाद्या रविवारी उजेडी जाऊन बघून यावं.

असो. तर मी एक शंभर पानी वही घेतली आणि वाफ्याचं सस्पेन्स रजिस्टर उघडलं. जे उगवलं त्याला क्रमांक दिला आणि शेजारी आइस्क्रीमची काडी रोवली. जून संपेपर्यंत चौदा क्रमांक झाले. ‘बँकेतली कामं घरी आणू नका,’ असा आमच्या सौ.चा दंडक आहे. पण त्या वहीत डोकावल्या, खाली येऊन वाकल्या आणि म्हणाल्या, “एक ते चार सरळ झेंडू आहेत. वास येत नाही का तुम्हाला?”

येत होता. झेंडूचं पान जरा हललं तरी आपलं नाव सांगतं. आता हा झेंडू आला कुठून? आपल्या या पिंपरी-चिंचवडात खंडेनवमीला जितका झेंडू खपतो तितका लग्नसराईत खपत नसेल. लेथला हार, प्रेसला हार, फोर्कलिफ्टला हार. आमच्या शाखेत नोटा मोजायच्या यंत्रालाही हार असतो आणि त्या दिवशी ते दोन नोटा जास्त मोजतं. दसऱ्याला शेडमधल्या झाडून साऱ्या दुचाक्यांना हार पडतात. ते वाळतात, चुरतात आणि झाडणारी बाई तो चुरा शेजारच्या वाफ्यात लोटते. त्यातल्या काही बियांचं नशीब जूनमध्ये उघडलं. म्हणजे चेअरमनसाहेब, ज्याला तुम्ही उपटसुंभ म्हणता, तो तुमच्याच स्कूटरच्या हॅन्डलवरून उतरलाय.

क्रमांक पाच आम्हा कुणालाच ओळखू येईना. लांबट, कडेला बारीक दाते असलेली पानं, रसरशीत दांडा. तळमजल्यावरच्या आजी (वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू, पण आपल्या कामापुरती तीक्ष्ण) काठी टेकत आल्या, त्यांनी पानावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “अरे, ही तर आमची गौर!” तेरडा होता. आजींच्या माहेरी-सासरी मुखवट्याच्या गौरी नाहीत, तेरड्याच्या रोपांची गौर आणतात. गेल्या वर्षी विसर्जन झाल्यावर रोपं कचऱ्यात कशी टाकायची, म्हणून त्यांनी ती या वाफ्यात आणून ठेवली होती. तेरड्याचं बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शाने तडकतं आणि बिया चार हात लांब उडवतं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून आपण त्याची चेष्टा करतो. पण गौरीचा मुक्कामही तीनच दिवसांचा आणि आमच्या समितीच्या सगळ्या चांगल्या निश्चयांचा त्याहून कमी.

सहा म्हणजे गुलबक्षी. तिचं मिऱ्याएवढं काळं, सुरकुतलेलं बी रोपाच्या बुडाशी तसंच पडलेलं सापडलं. ओळखपत्र सोबत घेऊन आलेला हा एकमेव खातेदार. हिचं फूल संध्याकाळी, म्हणजे बँक सुटल्यावर उमलतं, त्यामुळे आमचं जमतं. बारा क्रमांक सदाफुली. ती वाफ्यात नव्हतीच. पन्हाळीखालच्या सिमेंटच्या चिरेत उगवली होती. तिथे मातीही नाही, आहे ती फक्त धूळ. मादागास्करहून निघून जगभर पसरलेली ही बाई. १९५८ साली कॅनडात नोबल आणि बीअर यांनी मधुमेहावरचं औषध शोधता शोधता तिच्या पानांत कर्करोगावर चालणारं द्रव्य असल्याचं जाहीर केलं. पुढे तिच्यातूनच निघालेलं व्हिन्क्रिस्टीन आज लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. आमच्या फळ्यावर ती ‘गटाराजवळील अनावश्यक वाढ’ या शीर्षकाखाली आहे.

आता मोबाइलचा प्रश्न. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, “काका, वही कशाला? फोटो काढा, ॲप नाव सांगतं.” काढला. क्रमांक सातच्या दोन पानांच्या रोपाला त्या यंत्राने सकाळी एक नाव दिलं, दुपारी दुसरं आणि संध्याकाळी तिसरं. शेवटच्या नावाबद्दल त्याला बासष्ट टक्के खात्री होती. बासष्ट टक्के सही जुळली म्हणून आम्ही चेक पास करू लागलो, तर एव्हाना बँकेचं तोंडही बासष्ट टक्केच उरलं असतं. यात यंत्राचाही दोष नाही. दोन पानांवरून रोप ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. अठराव्या शतकात स्वीडनच्या लिनियसने झाडांचे वर्ग पाडले ते फुलातले पुंकेसर मोजून. तेव्हापासून आजतागायत वनस्पतीची खात्रीची ओळख पटते ती मुख्यतः फुलावरून आणि फळावरून. आणि समितीचं म्हणणं काय? तर ओळखीचं नाही म्हणून फुलायच्या आत उपटा. फूल आल्याशिवाय ओळख पटत नाही आणि ओळख पटल्याशिवाय फुलू द्यायचं नाही! खातं उघडल्याशिवाय ओळखपत्र नाही आणि ओळखपत्राशिवाय खातं नाही, असं एका गरीब माणसाला सांगणारा एक अधिकारी मी पाहिला होता. त्याची बदली झाली. समितीची मुदत अजून दोन वर्षं आहे.

‘आम्ही इंजिनिअर माणसं, आम्हाला झाडंबिडं कळत नाहीत,’ हा बचावही चालणार नाही. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे थिओडोर कूक रेल्वेचे इंजिनिअर होते, वसईच्या लोखंडी पुलाचं काम केलेले, आणि पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य. पूल बांधणारा माणूस गवताची पाती मोजत बसू शकतो, तर ब्रेक तपासणाऱ्याला एक तेरडा ओळखायला काय हरकत आहे?

पण मला खरी चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. संस्थेने आठवड्यातून एक दिवस यायला एक माळीमामा ठेवलेत. सूचना लागली त्या गुरुवारी मामा खुरपं घेऊन आले. आधी माझ्या काड्या निघाल्या. ‘परिसरात कचरा’ म्हणून चेअरमननी त्या स्वतः गोळा केल्या. मग मामांनी शेडच्या बाजूने सुरुवात केली. मी रजेवर होतो. खाली गेलो तर सातवा क्रमांक त्यांच्या हातात.

“मामा, हे काय आहे?”

“ही व्हय? कुर्डू. कवळी हाय, भाजी होती हिची.”

“आणि हे?”

“टाकळा. पयल्या पावसाची भाजी. आमच्याकडं आवडीनं खात्यात.”

“मग उपटता कशाला?”

“सायबांनी सांगितलंय ना, काळी माती दिसली पायजे.”

म्हणजे आवारात ज्या एका माणसाला सगळ्यांची नावं ठाऊक होती, त्याला ती कुणी विचारलीच नव्हती. मी महिनाभर यंत्राला, पुस्तकांना आणि सौ.ना विचारत होतो. मामा तेवढा वेळ दर गुरुवारी दोन हातांवर होते, पण गुरुवारी मी कामावर. त्यांच्या कामाच्या कागदावर ‘तण काढणे’ असं लिहिलंय, ‘तण ओळखणे’ असं लिहिलेलं नाही, आणि न लिहिलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत हे मामांना माझ्याइतकंच कळतं. इकडे कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे हीच कुर्डू, हाच टाकळा आणि हीच घोळ टोपलीत मांडलेली असते आणि समितीतल्या दोन वहिनी तिथून त्या विकत आणतात, ‘केमिकल नसतं हो’ म्हणून.

शेडकडून निघालेलं मामांचं खुरपं निम्म्या वाफ्यापर्यंत आलं आणि थांबलं, कारण पुढे आजी बसल्या होत्या. प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर जपमाळ, पाय तेरड्याच्या कडेला. मामा म्हणाले, “आजी, जरा सरता का?” आजी म्हणाल्या, “माझी गौर येईस्तोवर नाही.” मामांनी खुरपं पुसलं आणि घरी गेले. वाफ्याचे दोन भाग झाले : शेडकडचा साफ, फाटकाकडचा गजबजलेला. कुणीही न ठरवता प्रयोग होऊन बसला, आणि माझा सगळा वाद या प्रयोगावर उभा आहे. वाचणाऱ्यांनी इथे जरा लक्ष द्यावं.

नऊ, दहा आणि अकरा हे तीन क्रमांक मी स्वतः उपटले होते. जूनमध्येच, हातमोजे घालून, मुळासकट. कारण ते गाजरगवत होतं. काँग्रेस गवत म्हणा, पुण्याकडची चटकचांदणी म्हणा. ‘जे जे उगवेल ते ते फुलू द्या’ असं म्हणणाऱ्या हळव्या लोकांपैकी मी नाही. काही खाती बंदच करावी लागतात. या गवताने अंगाला खाज येते, पुरळ उठतं, दम्याच्या माणसाचे हाल होतात आणि एका झाडाला हजारोंनी बिया येतात. म्हणून फुलायच्या आत काढायचं. आणि हे एक असं आहे की त्याची ओळख फुलाआधी पटते : गाजरासारखी बारीक कातरलेली, लवदार पानं, पहिले काही आठवडे जमिनीला चिकटून चकतीसारखी पसरलेली. झेंडूचं पोर असं चकती करून बसत नाही, सरळ उभं वाढतं आणि वास मारतं. एवढा फरक शिकायला पाच मिनिटं लागतात.

हे गवत आपल्या भागाचं जुनं दुखणं. पुण्यात आढळलेल्या या झाडाची नोंद रोल्ला शेषगिरी राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली आणि मग ते देशभर पसरलं. अमेरिकन गव्हातून आलं, असं आपण सगळेच ऐकत आलो. पण कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या रॉक्सबर्गने केलेल्या १८१४ सालच्या यादीतही त्याचं नाव आहे. म्हणजे खातेदार वाटला त्यापेक्षा बराच जुना निघाला. ते काही असो. मुद्दा असा, की गाजरगवताला सर्वांत प्रिय काय? उकरलेली, मोकळी, काळीभोर जमीन. जिथे दुसरं कुणी नाही तिथे ते आधी पोचतं. आणि त्याला वर येऊ देत नाही कोण? टाकळा! गाजरगवत हटवायचं तर त्या जागी टाकळ्याचं बी टाका, असा सल्ला जबलपूरचं तण संशोधन संचालनालय देतं. टाकळा दाट वाढतो आणि त्याच्या सावलीत या गवताची डाळ शिजत नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी दोन्ही भाग मोजले. मोजणं हा माझा धंदा आहे, त्यात कुणी हात धरणार नाही. फाटकाकडच्या भागात, आजींच्या पायाशी, जिथे टाकळा आणि तेरडा दाटीने उभे होते, तिथे गाजरगवताची नवी रोपं : दोन. शेडकडच्या साफ केलेल्या भागात : सत्तावीस. आणि त्या सत्ताविसांकडे बोट दाखवून समिती म्हणते, ‘बघा, कितीही काढा, तण येतंच, म्हणून ब्लॉक बसवा!’ म्हणजे कुलूप तुम्हीच काढायचं, चोरी झाल्यावर पंचनामाही तुम्हीच करायचा आणि उपाय म्हणून घरच पाडायचं.

आणखी ऐका. त्या सत्ताविसांतल्या काहींच्या पानांना भोकं पडलेली दिसली. उलटं करून पाहिलं तर पिवळट पाठीवर काळपट रेघा असलेले छोटे भुंगे. हे मेक्सिकन भुंगे. गाजरगवत खायला म्हणूनच ते परदेशातून मागवले आणि १९८४ साली बंगळूरला सोडले. तिथून उडत, पसरत त्यांनी निगडी गाठलं. फुकट, न बोलावता, आयतं मदतीला आलेलं पथक! खजिनदारांनी ‘किडे झालेत’ म्हणून त्याच संध्याकाळी औषध मारून घेतलं. औषधाची पावती आहे.

समितीतले एक सदस्य ‘देशी झाडंच हवीत, बाहेरची नकोत’ म्हणून मागे लागलेत. त्यांच्यासाठी थोडक्यात : तुम्ही पैसे मोजून आणलेलं क्रोटन इंडोनेशियाकडचं आहे. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, गुलबक्षी दक्षिण अमेरिकेची. चिंचवडच्या नावात लोक चिंच आणि वड सांगतात, त्यातली चिंचसुद्धा मुळात आफ्रिकेची, फार पूर्वी इकडे आलेली. वाफ्यात आपल्या देशाचा म्हणून छातीठोकपणे दाखवता येईल असा तेरडा आहे आणि तुम्ही उपटायला निघालात तो त्यालाच. आम्ही बँकेत गावाचं नाव बघून कर्ज देत नाही, परतफेड कशी केली ते बघतो. झाडाचाही सिबिल काढा. मेक्सिकोचा झेंडू आणि मेक्सिकोकडचंच गाजरगवत एका मापाने कसं मोजता? (समितीत नऊ जण आहेत. लातूर, जळगाव, सातारा, अमरावती. मी कुणाला काही बोललो नाही.)

क्रमांक तेरा वड आहे. भिंतीच्या सांध्यात उगवलाय आणि तो तिथून हलवला पाहिजे, हे मला मान्य. भिंत फुटेल. पण मान्य आहे ते तो वड आहे हे कळल्यामुळे, ‘काहीतरी उगवलंय’ म्हणून नव्हे. सेक्रेटरी त्याच्यावर ॲसिड ओतणार होते. माळीमामांनी मुळं सोडवून तो कुंडीत घेतलाय आणि कुंडी सध्या माझ्या गॅलरीत आहे.

धर्माच्या बाजूनेही एकदा विचार व्हावा, कारण समिती गणेशोत्सवाची वर्गणी वेळेवर गोळा करते. गणपतीच्या पत्रीत दूर्वा लागतात, आघाडा लागतो, माका लागतो, धोतरा आणि डोरली लागते. यांपैकी एकही वस्तू नर्सरीत पावतीवर मिळत नाही. ही सगळी फुकट उगवणारी मंडळी. श्रावणात समिती आघाडा उपटून कचऱ्याच्या गाडीत टाकते आणि भाद्रपद चतुर्थीला सकाळी चिंचवडगावात रांगेत उभी राहून तोच आघाडा वीस रुपये जुडीने आणते. मोरया गोसावींच्या गावात राहून हा व्यवहार! कॉमर्सचा माणूस म्हणून माझा जीव यात जास्त तुटतो.

आणि शेवटी पिंपरी. चेअरमनसाहेब अभिमानाने सांगतात, की इथे कारखानदारीची सुरुवात झाली तेव्हा नुसता माळ होता. त्या माळावर सुरुवातीलाच जे मोठे कारखाने उभे राहिले, त्यांतला एक हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली सरकारने तो पिंपरीत काढला आणि पुढच्याच वर्षी इथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. पेनिसिलीन आलं कुठून? १९२८ साली लंडनच्या एका रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतले, तर त्यांच्या जंतूंच्या एका बशीत न बोलावता बुरशी उगवलेली. बिनपावतीची, अनावश्यक वाढ. बशी धुऊन टाकणं सर्वांत सोपं होतं आणि आपल्या समितीने तेच केलं असतं, वर फळ्यावर सूचनाही लावली असती. फ्लेमिंगनी थांबून पाहिलं, की बुरशीच्या आसपासचे जंतू मेलेत. मग विचारलं, ही कोण? पुढे याच पिंपरीच्या कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका जिवापासून हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं औषध काढलं आणि त्या जिवाला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगाच्या शास्त्रग्रंथांत आपल्या गावाचं नाव मातीतल्या एका डोळ्यांना न दिसणाऱ्या उपटसुंभाला मिळालंय. तीच माती चाळीस फूट बाय तीन फूट आपल्याकडे शिल्लक आहे, आणि तिच्यावर आपण सिमेंटच्या विटा मांडणार.

माझी मागणी साधी आहे. ठराव दिवाळीपर्यंत तहकूब ठेवावा. माळीमामांना महिन्याला दोन तास जादा द्यावेत आणि त्या तासांत त्यांनी फक्त नावं सांगावीत. गाजरगवत दिसेल तेव्हा काढावं, बाकीच्याला फूल येईपर्यंत हात लावू नये. शेडकडच्या भागात टाकळ्याचं बी टाकावं. ते मामा गावाहून आणून देतो म्हणालेत, पैसे नकोत म्हणाले. रजिस्टर रखवालदाराच्या केबिनमध्ये ठेवलंय, कुणीही बघावं आणि नाव माहीत असेल तर समोर लिहावं. सही मात्र करावी.

चौदा क्रमांकाच्या समोरचा रकाना अजून कोरा आहे. समोरासमोर दोन-दोन पानं, दांडा तांबूस, उंची वीतभर. मामांनी मान हलवली, आजींनी हात फिरवून ‘आमच्याकडचं नाही’ म्हणून सांगितलं, आणि यंत्राने आजवर पाच नावं दिली आहेत. काल संध्याकाळपासून त्याला टोकाशी एक कळी दिसतेय, रंग अजून कळत नाही. सभा रविवारी सकाळी साडेदहाला आहे. गणसंख्येअभावी तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने, त्याच जागी.